तिसरा गुरुवार

दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी
मी वेडाचं सोंग घेतो, ताशी बावीस डॉलर.
डुलूथ, मिनेसोटा. लुथरन चर्चचं तळघर.
कॉफीच्या भांड्याच्या तोटीला चिंधी गुंडाळलेली,
कारण ती गळते.

पोलीस येतात, वीस-बावीस, बूट पुसून.
बाहेर सरोवर गोठलेलं. आत त्यांच्या कमरेला
पिवळ्या रबराची पिस्तुलं,
वजन खऱ्याइतकंच, असं सार्जंट केस्किनेन सांगतो.

आधी सुरळीचा खेळ:
एकानं कागदाची नळी करून दुसऱ्याच्या कानात कुजबुजायचं,
दार लाव, ते आलेत, तुला कुणी विचारत नाही,
आणि दुसऱ्यानं तेवढ्यात अर्ज भरायचा.
नाव. पत्ता. आज वार कोणता.
धिप्पाड माणसं स्वतःच्या नावात चुकतात.
एकजण हसत होता, तो तिसऱ्या ओळीला थांबला
आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाशी बोलला नाही.

माझं नाव आर्नी साल्मेला.
कार्डावर मात्र मी केविन, वय पंचेचाळीस,
गोळ्या बंद केलेल्या, हातात स्क्रू ड्रायव्हर.
स्क्रू ड्रायव्हर माझाच. घरून आणतो.
एरवी त्यानं लोकांचे टोस्टर दुरुस्त करतो.

खऱ्यात तेव्हा माझ्या हातात चमचा होता.
नोव्हेंबर, बहिणीच्या गॅरेजसमोर.
फोन तिनंच केला होता. करणार कुणाला दुसऱ्या?
तीन गाड्या. सहा तोंडं.
एक म्हणे झोप खाली, एक म्हणे हात वर,
एक म्हणे हललास तर बघ.
डोक्यात आधीच चौघं होते.
दहाजणांत कुणाचं ऐकायचं,
हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.
चमचा पडल्याचा आवाज मी ऐकला,
मागोमाग मनगटाचा.
थंडीत ते अजून माझ्याआधी जागं होतं.

आज टेसा ब्योर्कलंडची पाळी.
कार्ड तिला पाठ: नाव सांग, अंतर राख,
एका वेळी एकच प्रश्न, मग उत्तराची वाट बघ.
वाट बघणंच त्यांना जड जातं.
सातव्या सेकंदाला हात आपसूक कमरेकडे सरकतो.
मी मोजलंय.

मी केविनचं सुरू केलं,
छतातून ऐकतायत, पाण्यात काहीतरी मिसळलंय,
आणि सोंगाच्या ऐन मधोमध
तो आला. माझा.
डाव्या कानामागचा, आकडेवाला.
एकोणीस. एकोणीस. एकोणीस.
वर्षभर फिरकला नव्हता.
मी पुढचं वाक्य विसरलो.
मागून कुणीतरी म्हणालं, काय नट आहे!

टेसानं खांद्यावरचा रेडिओ बारीक केला.
मग ती सरळ फरशीवर बसली,
पट्टा पोटात रुतत असणार.
"हे केविनचं नाहीये ना?"
इतकं हळू, की सार्जंटला ऐकू गेलं नाही.
मी मान हलवली.
"मग जाईपर्यंत बसू."

तो काय म्हणतो, तिनं विचारलं नाही.
शांत हो, असंही म्हणाली नाही.
तिच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती.
मी त्या नाडीकडे बघत राहिलो.
एकोणीस.
एकोणीस.
अठरा.
मग नुसती हीटरची घरघर.

शिट्टी झाली. सार्जंट म्हणाला, वेळ फार घेतलास,
हत्यार ताब्यात घ्यायचं राहिलं. गुण कापले.
हत्यार माझ्या मांडीवर होतं.
मलाही त्याची आठवण नव्हती.

शेवटी एक कागद माझ्याकडेही येतो,
एक ते पाच, योग्य आकड्याभोवती गोल करा.
मी पाचाभोवती केला, वाकडातिकडा, मनगटामुळे.
खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
हिला नाडी घट्ट बांधायला सांगा.
पळावं लागेल कधीतरी,
कुणाच्या तरी गॅरेजसमोर,
बाकीच्या पाचजणांआधी पोचायला.